बारक्या गोळीचं कौतुक

गोळी बारकी आणि वेगाची चांगली, का जाड आणि सावकाशीची चांगली, यावर आमच्या गावच्या चहाच्या हॉटेलात तीन आठवडे वाद चालू होता. वाद घालणाऱ्यांपैकी एकानंही पोटासाठी कधी बंदूक खांद्याला लावली नव्हती. मी लावली होती, सव्वीस वर्षं, कलबुर्गीत एका बँकेच्या दारात. पण मला कुणी विचारत नव्हतं. आणि ज्या गोळीचं कौतुक चाललं होतं तिच्यापायीच माझी बायको गेली होती, हे तिथं बसलेल्यांपैकी दोघांना पक्कं माहीत होतं. एक मी. दुसरा माझा दोस्त, ज्याला सगळं गाव चाचा म्हणतं.

मी चौथी पास. बँकेत रोज सकाळी वहीत 'हत्यार ठीक, काडतुसं पाच' एवढं लिहून सही करायचो, तेवढंच माझं लिखाण. आता लिहायला बसलोय ते राग जिरत नाही म्हणून. कुणाला वाचून वाईट वाटलं तर वाटू दे.

आमचं गाव मुडबीच्या अलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीत. रस्त्याला लागून हॉटेल, त्यात दोन बाकडी, एक भट्टी. तिथं रोज सकाळी एक गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, येऊन बसतो. वय चाळिशीचं, खडीचं क्रशर आहे, पायात पांढरे बूट. त्याच्याकडं तीस बोरचं पिस्तूल आहे, आजोबापासून लायसनवर चालत आलेलं. ते कमरेला दिसेल असं लावायचं आणि चहा पिता पिता शर्ट जरा वर सरकवायचा, ही त्याची सवय. आमच्या भागात दुसऱ्या कुणाकडंच तीस बोर नाही. शेतकऱ्यांकडं आहेत त्या बारा बोरच्या जुन्या बंदुका, त्याही गंजलेल्या.

तीस बोरचं काडतूस मी पहिल्यांदा त्याच हॉटेलात हातात घेतलं. करंगळीपेक्षा बारीक, वर बाटलीसारखं आवळलेलं, आणि त्या आवळलेल्या मानेत तांब्याची टोपी घातलेली गोळी. दिसायला देखणं, त्यात वाद नाही.

"बघा मास्तर," गुत्तेदार काडतूस बाकड्यावर उभं करून म्हणायचा, "एवढंसं हाय, पर जोर बघा त्याचा. परवा क्रशरवर दोन तेलाचे डबे ठेवलो, मागं सागवानी फळी. तिन्हीतून आरपार! भोक कसं, दाभणानं पाडल्यावाणी."

मास्तर म्हणजे कन्नड शाळेतून रिटायर झालेले. त्यांना कुठल्याही गोष्टीत शास्त्र घातल्याशिवाय चहा गोड लागत नाही. ते मोबाईलमध्ये बघून सांगायचे, "वेग हाय ना तिला. आवाजाच्या पुढं पळती ती. म्हंजी ज्याला लागती त्याला आवाज ऐकूच येत न्हाई."

"मंग मेल्यावर त्याला सांगायला कोण जायलंय, आवाज झाला म्हणून?" हॉटेलवाला भजी काढत काढत म्हणायचा, आणि बाकडी हसायची.

चाचा एकटा हसायचा नाही. त्याचा बाप निजामाच्या काळापासून ठासणीची बंदूक बाळगून होता, शिवारातली डुकरं हाकलायला गाव त्याच्या बापाला बोलवायचं. चाचा दाढी खाजवत म्हणायचा, "डब्बा भागता क्या, मियाँ? डब्बा पलट के आता क्या? डब्बे पे क्या निशाना!"

"चाचा, तुमची ठासणी आता म्यूझियमात ठेवा," गुत्तेदार म्हणायचा. "एक बार उडवली की दुसऱ्या बाराला अर्धा तास. तवर डुक्कर घरी जाऊन जेवून झोपतंय."

पुन्हा हसू.

मी तिथं कोपऱ्यात बसून चहा प्यायचो आणि उठून जायचो. दारच्या म्हशीची धार शेजारीण येऊन काढायची, पण घरी चहा करणारं कुणी राहिलं नव्हतं म्हणून जायचो, नाहीतर गेलोच नसतो.

माझ्या बायकोबद्दल सांगतो. मी सव्वीस वर्षं कलबुर्गीत उभा होतो तेव्हा गावाकडची दोन एकर तिनं एकटीनं केली. महिन्यातून एकदा मी यायचो, पाव्हण्यासारखा. खत कधी टाकायचं, तूर कुणाला घालायची, म्हैस कधी गाभण घालवायची, सगळं तिचं डोकं. मी रिटायर होऊन आलो तर मला शेतात काही येईना. ती म्हणायची, "बांधावर उभं ऱ्हावा तुम्ही. तेवढंच येतंय तुम्हाला." एकदा शेजारणींच्या पुढं म्हणाली, "सव्वीस वर्षं बंदूक घिऊन उभं ऱ्हायलाव, एक उंदीर तरी मारलाव का ओ?" खरं होतं. वर्षातून एकदा पोलीस मैदानावर निशाणा लावायला न्यायचे तेवढंच. माणसावर सोडा, मी जनावरावरही कधी गोळी झाडलेली नाही. पण त्या मैदानावर आम्हाला शिकवणारा जो जुना हवालदार होता त्यानं एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती: गोळी सुटली की जिथं लागली तिथं चालत जायचं आणि डोळ्यानं बघायचं. पुठ्ठ्याचं निशाण असलं तरी जायचं. बसल्या जागेवरून 'लागली' म्हणायचं नाही आणि 'चुकली'ही म्हणायचं नाही.

आता तो बुधवार.

दिवस बुडायला आला होता. मी अंगणात खाटेवर, ती म्हशीखाली धार काढायला बसलेली. ओढ्याच्या अंगाला दोन आवाज झाले. बारा बोर उडाली की आवाज पोटात घुमतो. हे तसं नव्हतं. हे चाबूक ओढल्यासारखं होतं, कोरडं, एकामागं एक दोन. मी ओळखलं. बंदुकीजवळ आयुष्य गेलेल्या माणसाला हे ओळखायला वेळ लागत नाही.

ती चरवी धरूनच म्हणाली, "काय वाजलं ओ?"

"गुत्तेदार असंल. पैसा वाजवायलाय."

"कशावर मारायलाय की? काल आपल्या तुरीत डुकरं आलती. त्याच्यावर मारायलाय का बघा की जरा."

मी म्हणालो, "मारंना. आपल्याला काय!"

हे मी लपवत नाही. हे शब्द माझे आहेत. ती धार काढत राहिली.

आमच्या भागात जुनी रीत होती. शिकाऱ्याच्या हातून जनावर जखमी होऊन निसटलं, तर त्यानं आल्या पावली चावडीपुढं येऊन सांगायचं. मग हलगी वाजायची. ज्या शिवारात जनावर गेलं असेल त्या शिवारात माग लागेपर्यंत बाया, पोरं, गुराखी कुणी पाय ठेवायचा नाही. आणि ज्यानं मारलं त्यानंच रगताचा माग काढत आत जायचं. चाचाचा बाप एकदा दोन दिवस घरी आला नव्हता, ओढ्यातच होता. लोक टिंगल करायचे की नेम चुकला, नजर गेली. त्यालाही लाज वाटत असेल. पण सांगायचा. जखमी डुक्कर म्हणजे डोळे मिटून धावणारं मरण आहे हे शेंबडं पोर जाणत होतं. आता हलगी गेली. देवळावर भोंगा आहे, मशिदीवर भोंगा आहे, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. सांगायचं असतं तर तोंड उघडायचाच उशीर होता.

शनिवारी सकाळी ती उठली, धार काढली, हॉटेलात दूध घालून आली. मी अजून खाटेवरच होतो; मला म्हणाली, "चहा झाकून ठेवलाय, पिऊन घ्या, आलेच मी." विळा आणि गोणपाट घेऊन तुरीच्या बांधावर गवत कापायला गेली. चांगलं ऊन पडलं होतं. माझ्या खाटेवर आलं होतं ते ऊन, म्हणूनच मी उठलो.

पुढचं सगळं नाही लिहीत. बायांचा ओरडा ऐकून मी पळत गेलो. मांडीत सुळा गेला होता. माझं धोतर फेडून बांधलं, तेही लगेच भिजलं. जीप मिळेपर्यंत अर्धा तास, बसवकल्याणच्या रस्त्यावर ती माझ्याकडं बघत होती, आणि मग बघत नव्हती. डाक्टरनं हात लावायच्या आधी मला माहीत होतं.

आता राग कशाचा ते सांगतो.

जंगल खात्याचा माणूस आला. पंचनामा कन्नडमध्ये लिहिला, मास्तरांनी मला वाचून सांगितला. त्यात लिहिलं होतं की मयत बाई पहाटे अंधारात एकटी शेतात गेली असता रानडुकरानं हल्ला केला. मी म्हणालो, "साहेब, ऊन पडलं होतं." तो म्हणाला, "अप्पा, असं जनावर अंधारातच येतं. सही करा." मी सही केली. डोकं ठिकाणावर नव्हतं. कुणी त्या वेळी माझ्यापुढं माझा फाशीचा कागद ठेवला असता तर त्यावरही केली असती.

आणि कागदात आलं ते गावाच्या तोंडात आलं. "कामून गेली अंधारात एकटी?" "म्हाताऱ्या माणसानं घरी बसावं की." भेटायला यायचे, माझ्या दारात बसायचे, माझ्या घरचं पाणी प्यायचे आणि तिच्याच चुका मोजायचे. पुण्यानुमोदनाला आलेल्या एका पाव्हण्यानं तर भाषणात सांगितलं की यावरून सगळ्या भगिनींनी सावध राहायला शिकावं. माझी बायको त्याला धडा वाटली, धडा!

हे मी गिळलं असतं. पण माझी लेक उदगीरला शाळेत शिकवते, तिनंही तेच धरलं. तिनं पंचनाम्याचा मास्तरांनी करून दिलेला मराठी कागद वाचला आणि खाली ठेवला. आईचा फोटो समोर होता, त्याच्याकडं न बघता म्हणाली, "शंभरदा सांगितलं होतं, अंधारात जाऊ नको. कधी कुणाचं ऐकलं का हिनं? हट्ट केला आन् गेली." मी म्हणालो, "अगं, अंधार न्हवता." ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही झोपला होता. कागदात लिहिलंय." आणि दुसऱ्या दिवशी गेली. रडली नाही. आईवर रागावून गेली. मेलेल्या माणसावर रागावलेली लेक मला बघवत नव्हती. मला एवढंच पाहिजे होतं की तिचा तो राग उतरावा. दुसरं काही नको होतं. आजही नको.

बायको गेल्याच्या चार दिवसांनी ओढ्यात वास सुटला. चाचा मला घेऊन गेला. करंजाच्या झुडपाखाली डुक्कर मरून पडलं होतं, मोठं, एकांडं. चाचानं काठीनं उलटं केलं. बरगड्यांच्या मागं, पोटाकडं, एक भोक. दाभणानं पाडल्यावाणी. दुसऱ्या अंगाला तसंच एक. भोवती किडे पडलेले, मांस काळं झालेलं. चाचानं बघितलं आणि खाली बसला. "ये ज़ख्म मरने के दिन का नै, भाई," तो म्हणाला. "ये पहले का है. पेट में लेके फिर्या ये तीन-चार दिन." बुधवारी लागली, शनिवारी त्यानं माझ्या बायकोला धरलं, रविवारच्या सुमारास तिथं मेलं. जंगल खात्याच्या माणसाला दाखवलं तर तो नाकाला रुमाल लावून लांबूनच म्हणाला, "काटा लागला असंल." आणि पुरून टाकायला लावलं.

तर मग मी तेव्हाच कामून बोललो नाही? एक म्हणजे अंगात बळ नव्हतं. दुसरं म्हणजे ते 'आपल्याला काय' माझ्या घशात अडकून बसलं होतं. दुसऱ्याचं बोलायला तोंड उघडलं की आधी ते बाहेर येणार हे मला कळत होतं. म्हणून सव्वा महिना गप्प बसलो आणि त्या गुत्तेदाराच्या गोळीचं कौतुक ऐकत चहा पीत राहिलो. थू आहे माझ्यावर.

त्या दिवशी हॉटेलात गुत्तेदार फारच रंगात आला होता. मास्तरांनी उगाच शंका काढली होती की एवढी बारकी गोळी लांबवर नेमानं जाते का.

"मास्तर, चाळीस पावलांवर लिंबू टांगा," तो म्हणाला. "दहातले नऊ फोडलो न्हाई तर माझं नाव बदला. चुकायचा सवालच न्हाई. ही गोळी सरळ रेघेत जाती, तारेवरून गेल्यावाणी."

मी कप खाली ठेवला. म्हणालो, "चाळीस पावलांवर लिंबू?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सव्वा महिन्यात मी त्या हॉटेलात 'चहा दे'च्या पुढं बोललो नव्हतो.

"व्हय काका," गुत्तेदार म्हणाला. खूष झाला होता, बँकेचा बंदूकवाला विचारतोय म्हणून. "तुम्ही या की क्रशरवर, दाखवतो."

"आन् त्या बुधवारी ओढ्यात डुक्कर किती पावलांवर होतं?"

त्यानं कप बाकड्यावर ठेवला.

"कुठला बुधवार?"

"दिवस बुडताना दोन बार काढलास तो. मी ऐकलोय. किती पावलं?"

त्यानं मास्तरांकडं बघितलं, हॉटेलवाल्याकडं बघितलं. "काका, ते… सहज. असंल वीस-पंचवीस पावलं. पर चुकली की ती. डुक्कर उड्या मारत गेलं, जरा सुदिक अडखळलं न्हाई."

"वीस पावलांवर."

"व्हय."

"लिंबू केवढं असतंय?"

त्यानं शर्ट ओढून पिस्तुलावर घेतला.

"आन् डुक्कर केवढं असतंय? मास्तर, तुम्ही सांगा, शास्त्र तुमचं हाय. चाळीस पावलांवर लिंबाला लागती आन् वीस पावलांवर म्हशीच्या रेडकाएवढ्या डुकराला लागत न्हाई, ही कसली गोळी?"

हॉटेलवाल्यानं भजी काढायचं थांबवलं. मास्तर मोबाईल उलटा ठेवून हळूच म्हणाले, "लागली असंल. बारकी, वेगाची गोळी आरपार जाती. जनावराला लागल्याचं कळत सुदिक न्हाई, पळत ऱ्हातंय. मांसात थांबत न्हाई ना ती."

"बघा," मी म्हणालो. "तीन आठवडे तुम्ही हेच सांगायलाव, आरपार जाती, आरपार जाती. भोक पाडणारी गोळी हाय ती. जनावर पाडणारी न्हाई. भोक घिऊन डुक्कर पळालं. तू तिथं जाऊन खाली बघितलास का? रगत होतं का, केस पडले होते का?"

"काका, ओढ्यात चिखल होता…" तो आपल्या बुटांकडं बघत म्हणाला.

तेव्हा मला काय झालं सांगता येत नाही. मी ओरडलो. वयाला शोभत नाही असं ओरडलो. "बुटाला चिखल लागल म्हणून गेला न्हाईस! बूट कापडानं पुसता येतात रे! माझी बायको कशानं पुसू मी?"

चाचानं माझा दंड धरला. मग तो गुत्तेदाराला म्हणाला, शांतपणे, "बेटे, हम दोनों वो डुक्कर देखे. दो सुराख़ थे. तेरी गोली के. अब बोल."

रस्त्यावरून एक उसाचा ट्रॅक्टर गेला.

"मला वाटलं चुकली," गुत्तेदार म्हणाला. "आईशपथ काका, मला खरंच वाटलं चुकली. आन् लागली असती तरी सांगू कसं? डुक्कर मारायला परवानगी न्हवती. लायसन जातंय. केस होती."

"लागली असती न्हवं. लागली."

"लागली," तो म्हणाला. "लागली काका."

मला वाटलं होतं हे ऐकलं की बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही. मी खिशातून फोन काढला आणि लेकीचा नंबर लावला. तिची मधली सुट्टी होती. फोनचा आवाज मोठा करून गुत्तेदाराच्या हातात दिला. "तिला सांग. माझं ऐकत न्हाई ती. तिला तू सांग."

त्यानं फोन दोन्ही हातांनी धरला. "अक्का," तो म्हणाला, "मी क्रशरवाला बोलायलोय, तुमच्या गावचा. त्या डुकरावर… आई गेली त्याच्या तीन दिवस आधी त्या डुकरावर मी गोळी मारलो. लागली होती. मी बघायला गेलो न्हाई. गावाला सांगितलो न्हाई."



हॉटेलवाला भट्टीपासून पुढं आला आणि फोनमध्ये तोंड घालून म्हणाला, "अक्का, अंधार न्हवता बरं का! ऊन पडलं होतं चांगलं. माझ्या हातात दूध दिली आन् मग गेली तुमची आई. तुझं पाणी जास्त झालंय चहात, असं मला म्हणून गेली. मला कुणी विचारलंच न्हाई, कागद लिहिताना."

मग लेकीचा आवाज आला. शाळेत बोलते तसा, अडखळल्याशिवाय. "अप्पा, तुम्ही हायेत का तिथं?"

"हाय."

"गोळीचा आवाज घरी आला न्हवता का?"

हॉटेलातले सगळे आता माझ्याकडं बघत होते. गुत्तेदारसुद्धा.

"आला होता," मी म्हणालो.

"मंग?"

"तुझ्या आईनं विचारलं, कशावर मारायलाय. डुकरावर असंल तर बघा म्हणाली. मी म्हणालो, मारंना, आपल्याला काय."

फोन तसाच चालू राहिला. मागं पोरांचा गलका ऐकू येत होता. मला वाटलं आता ती फोन ठेवेल, आणि ठेवला असता तरी मी काही म्हणालो नसतो.

"विचारलं होतं ना तिनं," ती म्हणाली. तिचा आवाज मोडला होता. "सगळ्यात तिनंच विचारलं होतं." आणि मग ती रडायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मी फोन कानाला लावून ऐकत उभा राहिलो. घंटा झाली तेव्हा म्हणाली, "मी येते रविवारी," आणि फोन बंद झाला.

मास्तरांनी न सांगता खिशातून पेन काढलं. कोरा कागद हॉटेलवाल्यानं उधारीच्या वहीतून फाडून दिला. मास्तरांनी कन्नडमध्ये अर्ज लिहिला: पंचनाम्यात पहाटे अंधारात असं लिहिलंय ते खोटं आहे, बाई सकाळी ऊन पडल्यावर गेली होती, आणि डुक्कर आधीच गोळी लागून जखमी होतं. "ह्याच्यावर सही करणाराला केस लागू शकती," मास्तर म्हणाले. त्यांनी कुणाकडं बघितलं नाही.

गुत्तेदारानं पेन घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. शेवटी त्यानं सही केली. मग मी मास्तरांना म्हणालो, "खाली माझं लिहा. गोळीचा आवाज घरी ऐकला आणि गावाला सांगितलं नाही, असं लिहा."

"त्याची गरज न्हाई अप्पा," मास्तर म्हणाले.

"लिहा म्हणतोय ना!"

लिहिलं. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच तो कागद घेऊन जंगल खात्याच्या कचेरीत गेलो. तिथला बाबू म्हणाला की एकदा झालेला पंचनामा बदलत नसतो. मी म्हणालो, बदलू नका, हा त्याला जोडा. त्यानं दोनदा वाचला, माझ्याकडं बघितलं, आणि नकलेवर शिक्का मारून दिला. केस होईल का, लायसन जाईल का, मला माहीत नाही. गुत्तेदार अजून पांढरेच बूट घालून फिरतो आणि पिस्तूल अजून त्याच्याकडंच आहे. हॉटेलात आता गोळीचा विषय निघत नाही, पण निघाला तर मी परत बोलणार आहे. ज्याला निशाणापर्यंत चालत जायचं नाही त्याच्या हातात कुठलीच गोळी कामाची नाही, मग ती बारकी असो का जाड.

रविवारी लेक आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "कागद कुठाय?" मी नक्कल दिली. तिला कन्नड वाचता येत नाही. ती ओळींवरून बोट फिरवत म्हणाली, "ऊन पडल्यावर गेली, हे कुठं लिहिलंय?"

मलाही कन्नड येतं ते दुकानाच्या पाट्या वाचण्याएवढंच. पण मास्तरांनी लिहिताना मी बघत होतो. मी ती ओळ दाखवली. तिनं तिथं बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग उठून म्हशीकडं गेली, कारण धारेची वेळ झाली होती आणि मला धार काढता येत नाही.